साडेदहा मिलिमीटरची पोकळी

समस्त नागरिक बंधू-भगिनींना, आणि त्यातही लेथवर उभं राहून पोट भरणाऱ्या मंडळींना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की माणसाच्या मेंदूत पोकळी असते. ती सर्वांच्या मेंदूत असते. गरीब-श्रीमंत, पेठेतला, पेठेबाहेरचा असा भेद तिथं नाही. तिच्यात पाणी असतं. आणि माणूस जन्माला यायच्या आधी, आईच्या पोटात असतानाच, ती मिलिमीटरमध्ये मोजता येते. या निवेदनाची सर्वांनी नोंद घ्यावी आणि मगच चहाला उठावं.

मला स्वतःला ही बातमी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी समजली. दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. शिवाजी पेठेत घर, उचगावच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, शेडमध्ये धातू कातायचे तीन लेथ, एक ड्रिल आणि मी मालक. आम्ही इंजिनाचे बुश बनवायचो. बुश म्हणजे धातूची आखूड नळी, बाहेरून गोल आणि आतूनही गोल. दिसायला त्यात काहीच नसतं, पण आतला व्यास केसभर चुकला तर गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं. त्यामुळे मोजणं हा माझा धंदा होता आणि घरच्यांच्या मते आजारही. खिशात वर्निअर कायम. दोन जबड्यांची ती स्टीलची पट्टी, जबड्यात वस्तू धरायची आणि माप वाचायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बायकोच्या भाकरीची जाडी मोजली होती. कडेला चार, मध्ये साडेतीन. ती वारणानगरची, कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. यंत्रांना आणि यंत्रवेड्यांना न बिचकणारी. तिनं वर्निअर धुतला, पुसला, परत दिला आणि म्हणाली, "उद्यापास्नं तुम्हीच थापा भाकरी. म्हंजे माप चुकणार न्हाई."

अशा घरात पाळणा हलायची वेळ आली. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करायला सांगितली. मी, बायको आणि आई, असे तिघे रिक्षातून गेलो.

त्या काळची सोनोग्राफीची वेटिंग रूम ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या आयुष्यात एक मोठी करमणूक राहून गेली. भिंतीवर बोर्ड, इथं गर्भलिंग तपासणी होत नाही. बोर्डाखाली बाकांवर दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एकच भाव. पोट बघायचं तर लघवीची पिशवी भरलेली पाहिजे, असा तेव्हा सर्रास दंडक होता. काउंटरवरची बाई दर पाच मिनिटांनी रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "लागली का जोरात?" ज्यांना जोरात लागली होती त्या हात वर करायच्या. ज्यांना लागली नव्हती त्यांना ती आणखी एक तांब्या द्यायची. बरोबरचे नवरे आपापल्या चपलांकडे बघत बसायचे.

मला आत घेतलं नाही. अर्ध्या तासानं बोलावलं. डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, बोलायला सरळ. समोर चकचकीत कागदावरचा काळापांढरा फोटो, त्यात लंबगोल डोकं, आणि डोक्यात दोन पांढऱ्या फुल्या. मॅडम म्हणाल्या, "मेंदूच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांची रुंदी दहा मिलिमीटरच्या आत असली की आपण निर्धास्त. इथं माप साडेदहा आलंय."

"आणि दहाच्या वर असलं तर?" मी विचारलं.

"एवढ्या थोड्यानं बहुतेक वेळा काही नसतं. क्वचित मेंदूच्या वाढीत काही अडचण असते. म्हणून नीट बघायला लागतं."

त्यानंतर मॅडम आणखी दोन-तीन मिनिटं बोलल्या, असं मला नंतर कळलं. मी तिथं होतो, मान हलवत होतो, पण माझ्या कानात फक्त साडेदहा घुमत होते. वरची मर्यादा दहा आणि जॉब, म्हणजे घडवलेला नग, साडेदहा. आमच्या शेडमध्ये असा जॉब नापास मालाच्या लाल पेटीत जातो.

रिक्षात आईच म्हणाली, "ह्याच्याबी डोस्क्यात हुतं आसंल पाणी त्या वक्ताला. तवा मशिन कुठं हुती? तरी झालाच की मोठा."

"म्हणून तर काळजी वाटतीया, आत्ती," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

आईनं त्याच संध्याकाळी इलाज सुरू केला. डोक्यात पाणी जास्त, तर पाणी कमी प्यायचं. तिनं माठावर झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा ठेवला, आणि सुनेला दोन फुलपात्रांवर आणलं. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी वरवंटा उचलून खाली ठेवला, तांब्याभर पाणी उभ्यानं प्याली आणि म्हणाली, "आत्ती, हे पाणी पोटात जातंय. तितनं डोस्क्यात जायला पाईपलाईन न्हाई." माठाकडे संशयानं बघणं मात्र आईनं काही सोडलं नाही.

माझा इलाज वेगळा होता. मी फोटो घेऊन शेडवर गेलो.

आमच्या शेडमध्ये एक चाचा होते. साठीचे टर्नर, बापाच्या वेळेपासूनचे, जवाहिऱ्यानं हिरा बघावा तसा जॉब बघणारे. मी फोटो तपासणीच्या सपाट प्लेटवर पसरला, खिशातून वर्निअर काढला आणि दोन फुल्यांमधलं अंतर मोजलं. चार पूर्णांक एक. परत मोजलं. चार पूर्णांक एक.

मी ओरडलोच. "चाचा, चार! चारच हाय! मशिनच्या आयला मशिनच्या, साडेदहा कुठनं काढलं त्यांनी?" तिन्ही लेथ बंद करायला लावले. सगळ्यांना मिसळ सांगितली. कट वेगळा, पाव जास्तीचे. मी प्लेटभोवती अक्षरशः एक गिरकी मारली.

चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. फोटो बघितला. मला बघितलं. "मालक," ते अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्या लग्नाचा फोटू हाय न्हवं घरात? पोस्टकार्डाएवढा?"

"हाय की."

"त्यात वैनी केवढ्या हायत?"

"असतील चार इंच."

"मग वैनी चार इंचाच्या हायत काय?"

मिसळ आली तेव्हा मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. बाकीच्यांनी मात्र ती आनंदानं खाल्ली. सांगितलेली मिसळ परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही.

पण चाचा फोटो सोडेनात. कडेला बारीक रेघोट्यांची एक पट्टी होती. "ही पट्टी उगंच न्हाई मारल्याली," ते म्हणाले. खरंच, ती सेंटिमीटरची खूण होती, फोटो किती लहान केलाय ते सांगणारी. एक सेंटिमीटर कागदावर मोजला, तो भरला तीन पूर्णांक नऊ मिलिमीटर. मी आकडेमोड केली. चार पूर्णांक एकला तीन पूर्णांक नऊनं भागा, दहानं गुणा. साडेदहा. मशिन बरोबर, मी गाढव.

आणि तेवढ्यात चाचांनी ते वाक्य उच्चारलं ज्यासाठी मी त्यांचे पाय धरायला तयार होतो. "मालक, फुल्या बघा. तिरक्या हायत."

होत्या! पोकळी आडवी पसरली होती आणि दोन फुल्यांना जोडणारी रेघ तिला सरळ कापत नव्हती, तिरकी जात होती. शिवाय एक फुली भिंतीच्या आतल्या कडेला, तर दुसरी पार बाहेरच्या कडेला. आता हे डॉक्टरांना माहीत नसेल, पण लेथवर पहिल्या महिन्यात शिकवतात. नळीत वर्निअर तिरका धरला की आतलं माप जास्त येतं. आणि भिंतीची जाडी धरली तर आणखीच जास्त. आम्ही गुण्या लावला, काटकोनात रेघ मारली, आतून आत मोजलं, पट्टीनं गुणलं. साडेआठ!

या वेळी गिरकी मारली नाही. मिसळही सांगितली नाही. फक्त घरी गेलो आणि बायकोला सगळं समजावून सांगितलं, वाटीत चमचा तिरका धरून, सरळ धरून, प्रात्यक्षिकासह. ती टोपडं शिवत बसली होती, पिवळं, खाली पांढरी पट्टी. शिवत म्हणजे उसवत. कालपर्यंत पुरं झालेलं टोपडं तिनं शिलाईवर उसवून मांडीवर पसरलं होतं.

"कशाला उसवलंस?"

"शिलाई वाकडी गेल्ती," ती म्हणाली. मी पाहिलं होतं, शिलाई वाकडी नव्हती, आणि शेजारी घेर वाढवायला जास्तीचा तुकडा कापून ठेवला होता. पण ते माप काढायची माझी हिंमत झाली नाही. मी आपलं वाटी-चमच्याचं भाषण आणखी जोरात सुरू केलं. शेवटी तिनं सुई टोचून ठेवली. "अवो, माझ्या पोटात पोर हाय, बुश न्हाई. एवढं कळतंय तर जावा आणि मॅडमला सांगा. मला कशाला सांगता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत वर्निअर आणि गुण्या घालून, फोटो आणि रिपोर्ट हातात धरून मी दवाखान्यात हजर. वेटिंग रूममधल्या बायकांनी बाटल्या खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. काउंटरवरची बाई सवयीनं विचारती झाली, "लागली का जोरात?" मी म्हटलं, "मॅडमना भेटायचंय." ती म्हणाली, "मग पाणी प्यायची गरज न्हाई, तसंच जावा."

मॅडमनी गुण्या बघितला. "हत्यारं घेऊन आलात पावणं?"

मी भाषण केलं. उभ्यानं केलं. तिरकं माप, सरळ माप, आतली कड, बाहेरची कड, भिंतीची जाडी, सगळं. शेवटी हात पसरून म्हणालो, "साडेआठ!" आणि टाळ्यांची वाट बघितल्यासारखा थांबलो.

"तुम्ही काय करता?" मॅडमनी विचारलं.

"बुश बनवतो."

"तुमच्याकडे ड्रॉइंग येतं, त्याच्याखाली सूचना लिहिलेल्या असतात?"

"असतात की."

"कामगारांनी आकडे तेवढे बघितले आणि सूचना वाचल्या नाहीत, तर?"

"शिव्या घालतो."

"कोणत्या?"

मी त्यातल्या त्यात सभ्य अशा दोन सांगितल्या.

"त्या तुम्हाला घातल्या असं समजा," म्हणून त्यांनी माझ्याच हातातला रिपोर्ट उलगडला. साडेदहाच्या आकड्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीत होतं, पण मला येत होतं. बाळ पालथं असल्यानं छेद तिरका मिळाला आहे, माप खात्रीचं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. मी चार दिवस तो कागद उशाशी घेऊन झोपत होतो आणि ती ओळ मी वाचली नव्हती. आकडा दिसला की त्याखालचं दिसत नाही, हा आमच्या धंद्याचा गुण.

"त्या दिवशी तोंडानंही सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मान हलवत होता."

"मग साडेआठ तरी..."

"तुमचं साडेआठपण विसरा. काकडी तिरकी कापली, तर त्या चकतीवर सरळ रेघ मारून काकडी सरळ कापली जाते का? छेदच तिरका आहे. त्याच्यावर कागदावर काय कराल त्याला अर्थ नाही. पुन्हा बघायचं, तेव्हाच कळणार. साडेआठ असेल, अकराही असेल."

मी गुण्या पिशवीत घातला. दारापर्यंत गेल्यावर मागून त्या म्हणाल्या, "कडा मात्र बरोबर ओळखल्यात. आतून आत, काटकोनात. आम्हालाही तसंच शिकवतात." हे मी घरी जाऊन तीनदा सांगितलं. अकराही असेल, हे सांगितलं नाही.

दोन आठवडे कसे गेले ते विचारू नका. म्हणजे विचारा, सांगतो. मी शेडमध्ये त्या दिवसांत एकही जॉब रिजेक्ट केला नाही. थोडा मोठा असला तरी म्हणायचो, "असू दे, बघू." चाचा माझ्या नकळत ते परत लाल पेटीत टाकायचे.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं गेलो. या वेळी मॅडमनी मलाही आत घेतलं. "इंजिनीयरसाहेबांना बघू द्या. डोकं फक्त. खाली काय आहे ते विचारायचं नाही आणि मी सांगणार नाही. बोर्ड वाचलात ना? का तीही सूचना राहिली?"

पोटावर जेल लावला, मशिन फिरवलं. मॅडमनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "परत पाठ करून बसलंय. बाहेर जा, फिरून या. काहीतरी गोड खा."

त्यानंतरचा पाऊण तास ही मी पाहिलेली सर्वांत मोठी मिरवणूक. पुढे बायको, एका हाताला मी, दुसऱ्या हाताला आई. चौकापर्यंत जायचं, यायचं. कोपऱ्यावर उसाचा रस. बायकोनं एक ग्लास घेतला, मग स्वतःहून दुसरा. आई तिच्या पोटाकडे बघून भर रस्त्यात बोलत होती, "वळ की रं सोन्या. वळ की गं बाई. बाप बघ कसा वाळलाय. ह्यो मानूस दोन हप्ते जेवल्याला न्हाई, तुझं डोस्कं मोजायला आलाय. जरा तोंड दाव." रसवाल्यानं विचारलं, "काय झालं पावणं?" मी म्हणालो, "पोरगं वळायचं हाय." तो म्हणाला, "मग आलं जास्त टाकतो," आणि तिसरा ग्लास मलाच दिला. परत आलो तर वेटिंग रूमभर बातमी पसरलेली. एक म्हणाली डाव्या कुशीवर झोपा. दुसरी म्हणाली उजव्या. तिसरी म्हणाली, "माझं तर काउंटरवरच्या बाईच्या आवाजानं वळलं," यावर इतकं हसणं झालं की दोघी-तिघी बाटल्या ठेवून लगबगीनं संडासाकडे पळाल्या आणि त्यांचा नंबर गेला.

पुन्हा आत. पुन्हा जेल. मशिन पोटावर टेकलं आणि मॅडम म्हणाल्या, "हां."

पडद्यावर डोकं आलं. स्वच्छ, लंबगोल, आणि मधोमध, काय सांगू, एक सरळ पांढरी रेघ! झक्क सेंटर लाइन. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं व्यवस्थित ड्रॉइंग कोणा गिऱ्हाइकानं पाठवलं नव्हतं. त्या रेघेच्या एका अंगाला काळी पोकळी, पोकळीत पाण्यातल्या शेवाळासारखं काहीतरी पांढरं मऊ लोळत पडलेलं. आई भिंतीला टेकून उभी, तोंडात पदर. बायको छताकडे बघत होती. तिला धीर वाटावा म्हणून मी तिचा हात हातात घेतला होता, आणि मी स्वतः, हे इथं नमूद केलं पाहिजे, कमालीचा शांत होतो.

मॅडमनी पहिली फुली ठेवली. आतल्या कडेला. दुसरी समोर, आतल्या कडेला, अगदी काटकोनात. आकडा उमटला तो त्यांनी मोठ्यानं वाचला नाही. फुल्या पुसल्या. मशिन किंचित हलवलं, पुन्हा फुल्या ठेवल्या. पुसल्या. तिसऱ्यांदा ठेवल्या. आम्हीही महत्त्वाचा जॉब असला की तीनदा मोजतो, आणि तिन्ही जुळेपर्यंत तोंड उघडत नाही. माझे डोळे पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर होते, पण तिथले आकडे मला वाचता येईनात, सगळे पाण्यात बुडाल्यासारखे हलत होते.

"सात पूर्णांक आठ," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही वेळा. अगदी नॉर्मल. पोकळी झकास आहे, बाकीचा मेंदूही झकास आहे. जा आता."

आई खाली बसली. मला काहीतरी भव्य बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी टेबलावरून, अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशी बायको किंचाळली, "अवो, हात सोडा की! बोटं मोडली माझी!"